म्हाताऱ्या मांजरीचं पाणी

बैलाच्या तोंडात हात घालून त्याचं वय सांगणारा माणूस म्हणून आमच्या एरंडोल बाजूच्या पाच-सात गावांत मला ओळखत. शाळा तिसरीपर्यंत. मास्तरांनी मारलं म्हणून पुढं गेलो नाही, आणि बापानं समजावलं तरी गेलो नाही. एकदा नाही म्हटलं की नाही. पण जनावराचं मला कळायचं. दोन दाती, चार दाती, जुळलेला, झिजलेला, सगळं एका नजरेत. शेण बघून पोट सांगायचो, कान धरून ताप सांगायचो. गुरांचा डॉक्टर यायच्या आधी लोक माझ्याकडं यायचे आणि डॉक्टर येऊन गेल्यावरही यायचे, खरं काय ते विचारायला. ही बढाई वाटली तर वाटू द्या. पुढं जे सांगायचंय त्यात फजिती माझीच आहे.

आमच्या घरात मांजर कुणी आणली नव्हती. एका वर्षी पुढच्या खोलीत छतापर्यंत कापूस भरलेला होता आणि कुठलीशी मांजर त्यात व्याली. तीन पिलं तिनं तोंडात धरून नेली, चौथं न्यायला आलीच नाही. माझी लेक तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेल. तिनं कापसाची वात दुधात बुडवून ते पिलू चोखायला शिकवलं आणि जगवलं. नाव काही ठेवलं नाही. आम्ही नुसतं मांजरी म्हणायचो आणि ती यायची. भुईमुगाच्या शेंगांच्या पोत्यांना तिनं कधी उंदीर लागू दिला नाही. मी गोठ्यात निघालो की शेपटी उभी करून गोठ्यापर्यंत सोबत यायची, बैलांच्या पायांतून बिनघोर फिरायची. दुपारी मी खाटेवर पालथा पडलो की पाठीवर येऊन बसायची आणि पंजांनी पाठ रगडायची. बायको म्हणायची, "माझ्या हातानं अंग रगडलेलं तुम्हाला चालत नाही, तिचं बरं चालतं."

लेकीचं लग्न झालं, ती धुळ्याला देवपुरात गेली, मांजरी आमच्याकडं राहिली. गावात एसटीडीचं पिवळं खोपटं नवीन आलं होतं, त्या सुमाराची ही गोष्ट. लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि मांजरी लग्नाच्या आधीची सात. सोळा वर्षं मांजरीनं काढली म्हणजे माणसाची ऐंशी तरी धरा.

त्या हिवाळ्यापासून ती वाळायला लागली. पोत्यांच्या थप्पीवर एका उडीत जायची, ती आता खाली उभी राहून वर बघायची आणि काही काम आठवल्यासारखं करून दुसरीकडं निघून जायची. लाजायची म्हणा ना. अंगावरचे केस चिकटून त्यांच्या वाती झाल्या. कणा हाताला मण्यांसारखा लागायचा. आणि पाणी! दिवसातून वीस वेळा. मोरीतल्या बादलीवर पुढचे पाय ठेवून प्यायची, धुण्याच्या दगडावरचं चाटायची, बैलांच्या हौदावर चढून प्यायची. जितकं प्यायची तितकं बाहेर. ते बाहेर जायचं कुठं, तर जिथं तिचा जन्म झाला तिथंच, पुढच्या खोलीत, कापसावर.

शेती तोवर पोराच्या हातात गेली होती. एक दिवस त्यानं कापसात हात घातला आणि तोंड वाकडं करून हात माझ्या नाकाशी धरला.

"आबा, वास घ्या. एका बाजूनं सगळा पिवळा पडलाय. व्यापारी असाच हात घालून बघतो."

"मांजर आहे. म्हातारी आहे."

"म्हणून म्हणतो, तालुक्याच्या बाजारात गोदामाजवळ सोडून येतो. तिथं उंदीर पुष्कळ."

"तिला चार दात राहिलेत. उंदीर काय स्वतःहून तोंडात जाणार आहेत? उद्या तुझी आई म्हातारी झाली की तिलाही गोदामात सोड."

बायको चुलीपाशी होती. तिथूनच ओरडली, "माले काब्रं मधमा लेतस?" म्हणजे मला कशाला मधे घेता.

पोरगं माझंच. मागं हटेना. शेवटी मी म्हणालो, "आठ दिवस दे. आठ दिवसांत कापूस कोरडा राहिला नाही, तर तू म्हणशील तिथं मी स्वतः सोडून येतो."

त्यानं मान हलवली. आणि मी लागलो कामाला.

बैलाचं शेण पातळ झालं, पोट सुटलं, की आमच्याकडं पाणी तोडायचं. माझ्या आजानं बापाला सांगितलं, बापानं मला. कोरडा कडबा घालायचा, पाणी सकाळी थोडं, संध्याकाळी थोडं. दोन-तीन दिवसांत शेण बांधल्यासारखं होतं. मी मनात म्हटलं, बैल काय आणि मांजर काय, जास्त पाणी पिते म्हणून जास्त जातं. पाणी तोडलं की झालं. मोरीतली बादली पालथी घातली. धुण्याचा दगड फडक्यानं पुसून घेतला. हौदावर फळ्या टाकल्या. पिण्याचे हंडे झाकून वर दगड ठेवले. मांजरीला दोन वेळा वाटीभर, तीही छोटी, आमटीची.

"उन्हाळ्याचे दिवस आहेत," बायको म्हणाली. "तिले तहान लागेल शे."

"घरचेच सोळा बैल माझ्या हाताखालून गेले. मला शिकवू नको."

तीन दिवसांत कापूस कोरडा. मी पोराला हात धरून खोलीत नेलं. "घाल हात. घे वास." त्यानं हात घातला, वास घेतला आणि कामाला निघून गेला, तेच मला हवं होतं. संध्याकाळी मारुतीच्या ओट्यावर आमची म्हाताऱ्यांची बैठक असायची, तिथंही सांगितलं. त्यात माझा एक जुना सवंगडी होता, लहानपणापासून माझी चेष्टा करण्यातच त्याचा जन्म गेला. तो म्हणाला, "आबा, मांजरना दात देखात का?"

म्हटलं, "देखात. तुनापेक्षा जास्त शेत." म्हणजे बघितले, तुझ्यापेक्षा जास्त आहेत.

ओटा हसला. त्याच्या तोंडात एकच दात होता, तो दाखवून तोही हसला. मी छाती काढून घरी आलो.

चौथ्या-पाचव्या दिवशी तिनं खाणं कमी केलं. दुधात कुस्करलेल्या भाकरीजवळ यायची, वास घ्यायची आणि मान वळवायची. डोळे अर्धे मिटून, पाय पोटाखाली घेऊन भिंतीशी बसायची. मी पाण्याच्या खोलीकडं गेलो की उठायची, माझ्या मागं यायची आणि हंड्यासमोर बसून माझ्याकडं बघायची. ओरडायची नाही. नुसती बघायची. मी म्हणायचो, "चल, दोनच दिवस राहिले. सोस." औषध लागू पडतंय असं मला वाटत होतं. खोटं कशाला सांगू, थोडं थोडं नव्हतंही वाटत. पण ओट्यावर बोलून बसलो होतो.

सातवा दिवस आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा आला. आमच्या खान्देशात दिवाळी एक वेळ साधी जाईल, आखाजी नाही. लेकी माहेरी येतात, झाडाला झोके लागतात. आमची लेक आदल्या दिवशी संध्याकाळी धुळ्याहून आली होती. आल्या आल्या मांजरीला मांडीवर घेऊन म्हणाली, "किती हलकी झाली हो." मी म्हटलं, "वय झालं." दुसऱ्याच गोष्टी काढल्या.

आखाजीला पितरांची घागर भरतात. नवी मातीची घागर पाण्यानं भरून पाटावर ठेवायची, तिच्यावर छोटा तांब्या, खरबूज, आंबा, बाजूला गोड सांजोऱ्यांचं ताट. मग एकेका पितराचं नाव घेऊन पाणी सोडायचं, म्हणजे उन्हाळ्यात वर त्यांची तहान भागते. मी अंघोळ करून बसलो. आजा, पणजा, बाप, आई. एकेकाला पाणी सोडत होतो. नवी घागर बाहेरून पाझरते, तशी ती पाझरत होती.

तेवढ्यात मांजरी भिंतीच्या कडेकडेनं आली. मागचे पाय एकमेकांत अडकत होते. मला वाटलं, नैवेद्याला आली. मी हात उचलून "हात्" म्हणणार, तर ती सांजोऱ्यांच्या ताटावरून तशीच पुढं गेली. घागरीच्या पोटाला तिनं जीभ लावली आणि ओल चाटायला लागली. वरपासून खालपर्यंत, एकाच जागी नाही, जिथं जिथं ओल दिसेल तिथं. मग मागचे पाय दुमडले आणि घागरीला टेकूनच ती खाली बसली. बसूनही चाटत होती.

लेकीनं बघितलं. माझ्याकडं बघितलं, मग आईकडं. आईनं पालथ्या बादलीपासून सगळं सांगून टाकलं.

नऊ वर्षं धुळ्यात राहून लेकीची बोली शहरी झाली होती. पण चिडली की जुनी बोली यायची. ओरडली मात्र नाही. म्हणाली, "आबा, मरेल मानसेसले पानी देतस ना तुमी? ही जित्ती शे."

मी मांजरीला उचलायला गेलो. मानेमागची कातडी चिमटीत धरली, सोडली. कातडी परत बसली नाही. घडी घातलेल्या फडक्यासारखी उभीच राहिली.

हे मला कुणी शिकवायला नको होतं. वासराला हगवण लागली की मी पहिल्यांदा हेच बघतो. कातडी लगेच बसली तर भीती नाही, उभी राहिली तर अंगातलं पाणी संपलंय, आधी पाणी पाज, मग बाकीचं बोल. या एका चिमटीवर मी चाळीस वर्षं लोकांची वासरं वाचवली होती. सात दिवसांत ती चिमूट मी मांजरीला एकदाही लावली नव्हती.

माझ्या हातातलं पितरांचं पाणी मी तिच्या तोंडाला लावलं. ती प्यायली, आणि सगळं उलटून टाकलं. पुन्हा प्यायली, पुन्हा उलटी.

"देवपुरात आमच्या घरापासून जवळ एक डॉक्टरीण आहे. कुत्री-मांजरी बघते," लेक म्हणाली. "मी घेऊन जाते. आत्ता."

"सणाचा दिवस सोडून?" तिची आई म्हणाली. "कालच तर आलीस."

"सण काय, पुढच्या वर्षी येईल."

"मी येतो," मी म्हणालो.

दोघींनी माझ्याकडं बघितलं. बायको उठली आणि दशम्या करायला बसली. मी धुळ्याला निघालो म्हणजे माझं खाणं सोबत बांधावं लागतं, हे तिला माहीत होतं. आणि फिरकीच्या झाकणाचा तांब्या, पाण्यानं भरलेला. ते का, ते सांगतो पुढं.

आंब्याच्या टोपलीत जुनं धोतर अंथरलं, मांजरीला आत ठेवलं, वरून फडकं बांधलं. एसटीत गर्दी होती. पारोळ्यापर्यंत ती गप्प राहिली, मग तिनं बारीक आवाज काढला. कंडक्टरनं वळून विचारलं, "टोपलीत काय आहे, आबा?"

"मांजर."

"मांजर आडवी गेली तर ड्रायव्हर गाडी थांबवतो. आता गाडीतच बसलीये म्हटल्यावर आम्ही काय करायचं?"

"चालवायची. ती आडवी नाही जात, सोबत येतेय."

मागून कुणीतरी विचारलं, "कुठं चालवली?" लेक म्हणाली, "दवाखान्यात." सगळी गाडी हसली. पाच-सात गावांचे बैल ज्याच्याकडं येतात तो माणूस मांजरीला घेऊन दवाखान्यात निघालाय, हे ओळखणारं कुणी गाडीत नसावं, एवढंच मी मागत होतो. होते दोघं. असू दे म्हटलं. टोपलीवर हात ठेवून बसलो. फडक्याखाली पोट हलतंय का, तेवढंच बघत होतो.

डॉक्टरीण तरुण होती. मांजरीला टेबलावर ठेवलं, तिनं पहिल्यांदा मानेमागं चिमूट धरली. मी दुसरीकडं बघितलं.

"आधी पाणी किती पीत होती?"

"खूप. दिवसातून वीस वेळा."

"मग?"

खोटं बोलता आलं असतं. लेक खिडकीतून बाहेर बघत होती. "मग मी पाणी तोडलं," मी म्हणालो. "सात दिवस झाले. दोन वाट्या फक्त."

डॉक्टरिणीनं हातातली सुई खाली ठेवली. रागावली नाही. "आजोबा, हिची मूत्रपिंडं थकलीत. वय झालं की मांजरींचं होतं असं. पाणी अंगात टिकत नाही, बाहेर जातं, म्हणून ती पिते. पिते म्हणून जात नाही. कळलं?"

कळलं. उलटं धरलं होतं मी.

"दोन छोट्या वाट्यांवर या उन्हात ती सात दिवस राहिली नसती. घरात कुणीतरी तिला पाजत होतं."

मी लेकीकडं बघितलं. ती तर काल संध्याकाळी आली होती. पोरगा पाजणार नाही. उरलं कोण, ते उमगलं.

"बरी होणार नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पण पाच दिवस रोज सलाईन दिलं आणि घरी पाणी हवं तेवढं मिळालं, तर काही महिने जगेल. कदाचित जास्तही." तिनं मानेमागं कातडीखाली सुई घातली आणि बाटलीतलं पाणी सोडलं. मांजरीच्या पाठीवर ते साठून उंचवटा आला, बैलाच्या वशिंडासारखा. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला हसू आलं.

पाच दिवस म्हणजे लेकीकडं राहणं आलं. आणि आमच्या घराची रीत अशी, की लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही. आता कुणी पाळत नाही, तेव्हाही फार जण पाळत नव्हते, पण मी पाळायचो. नऊ वर्षांत धुळ्याला किती वेळा गेलो असेन. सोबत दशम्या, चटणी आणि फिरकीचा तांब्या. तिच्या ओसरीत बसून शिदोरी सोडायची, खायची, तांब्यातलं पाणी प्यायचं, लेकीची खुशाली विचारायची आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. मुक्काम कधी केला नाही. जावई पहिल्या वर्षी आग्रह करायचे, मग तेही सोडून दिलं त्यांनी.

पहिले दोन दिवस निभावले. पांझरा नदीकडं जाणाऱ्या रस्त्याला एक सरकारी नळ होता, सकाळी तासभर पाणी यायचं. तिथं बायांच्या रांगेत उभा राहून तांब्या भरून आणायचो. तो दुपारपर्यंत पुरायचा. मग देवळापाशी पाणपोईचे रांजण होते, तिकडं. मांजरीला मात्र लेकीनं घरभर पाणी मांडलं होतं. दारापाशी वाटी, खाटेखाली वाटी, न्हाणीत पसरट थाळी. दुसऱ्या दिवशी उलटी थांबली. तिसऱ्या सकाळी मांजरी स्वतः उठून थाळीपाशी गेली. मी उकिडवा बसून तिची जीभ मोजत होतो, चाळीसच्या पुढं गेल्यावर सोडून दिलं.

त्या दिवशी नळाला पाणी आलंच नाही. तासभर उभा राहून परत आलो. दशम्या आदल्या रात्रीच संपल्या होत्या, त्यामुळं चार केळी खाल्ली. दुपारी बारा-साडेबाराला पाणपोईवर गेलो तर रांजण पालथे. नदी तर उन्हाळ्यात नावाची. धुळ्याचं ऊन ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको. डांबराला चप्पल चिकटत होती. परत आलो तेव्हा जीभ टाळूला लागली होती, आणि डोळ्यांपुढं ओसरी जराशी तिरपी झाली.

लेक खाली बसली होती. मांजरी तिच्या मांडीवर. चमच्यानं तिला पाणी पाजत होती, मांजरी पीत होती, आणि थेंब हनुवटीवरून लेकीच्या लुगड्यावर पडत होते. मी त्या थेंबांकडं बघत होतो, हे तिनं बघितलं.

"मना घरनं पानी तुमनी मांजरले चालस, आबा," ती म्हणाली. "तुमले चालत नही."

"रीत आहे, माय. तुला माहीत आहे."

"बैलाचं पाणी तोडायची बी रीतच होती ना?"

तिनं चमचा खाली ठेवला. मांजरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, माझ्याकडं न बघता बोलत राहिली.

"तुम्ही ओसरीत बसून शिदोरी सोडता ना, समोरच्या बाया बघतात. सगळ्यांना कळतं, हा बाप इथलं पाणी का पीत नाही ते. मला मूल नाही, हे मला माहीत आहे, आबा. तुम्ही दर वेळी येऊन सगळ्या गल्लीला सांगू नका."

नऊ वर्षं. मला वाटायचं मी तिचा मान राखतोय. लेकीच्या घरचं खाणारा बाप नको व्हायला, एवढंच माझ्या डोक्यात. ती दारात उभी राहून मला दशमी खाताना बघायची, तेव्हा मी विचारायचो, "काय गं, तब्येत बरी आहे ना?" आणि ती म्हणायची, "बरी आहे."

मी उठून बाहेर गेलो. चपला घातल्या. कुठं जायचं हे मनात काहीच नव्हतं, रागही नव्हता. उन्हात उभा राहिलो. समोरच्या घरातली बाई दाणे निवडत होती, तिनं वर बघितलं. खरंच बघायची तर. मी चपला काढल्या आणि परत आत आलो.

"पाणी दे," म्हटलं.

ती घाईनं उठली, मांजरी खाली टाकलीच म्हणा. पेला भरून आणला.

"पेल्यानं काय होणार? तांब्या आण."

तांब्या आणला. मी ओसरीतच बसलो, दाराच्या अगदी तोंडाशी, समोरच्या बाईला नीट दिसेल असा, आणि वरून धार धरून सगळा प्यायलो. छातीवर, सदऱ्यावर सांडलं. लेक आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर आली तेव्हा तिनं विचारलं, "वरण-बट्टी करू?" मी म्हटलं, "कर. तूप जास्त घाल. नऊ वर्षांची बाकी आहे."

संध्याकाळी जावई कामावरून आले. मी त्यांच्या पाटावर बसून जेवतोय हे बघून दारातच थांबले. मग हातपाय धुऊन शेजारी बसले आणि माझ्या बट्टीवर आणखी तूप ओतलं.

पाच दिवसांनी मांजरीला घेऊन घरी आलो. पोराला दिलेले आठ दिवस कधीच उलटून गेले होते आणि कापसाचं काय ते मी विचारलं नाही. टोपलीचं फडकं सोडलं, मांजरी बाहेर आली, पुढच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत गेली. आत कापसावर ताडपत्री बांधलेली होती, आणि खाली कोपऱ्यात तेलाचा डबा आडवा कापून त्यात चुलीतली राख भरून ठेवली होती. मांजरीनं राखेचा वास घेतला, आत शिरली. पोरगा गोठ्यात होता. बाहेर आलाच नाही. मीही हाक मारली नाही.

बायकोला मात्र विचारलं, "किती पाणी देत होतीस?"

"पहाटे तुम्ही गोठ्यात गेलात की ओंजळीनं. तुम्ही ओट्यावर गेलात की परत ओंजळीनं."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतं का?"

"नसतं."

"मग?" म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

त्या दिवसापासून घरात पाण्याच्या पाच वाट्या झाल्या. पाय लागून मी कित्येकदा सांडल्या. डॉक्टरिणीनं सांगितलं म्हणून तिचं खाणं मऊ केलं, भात पातळ, थोडं थोडं पण चार वेळा. नखं वाढून पंजात रुतायला लागली तेव्हा मी चष्मा लावून कापली. लहान मुलीला विंचरतात तसं जुन्या फणीनं तिचे केस मोकळे करायचो. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा वाळली की टोपली, एसटी, धुळे. तो कंडक्टर नंतर ओळखायला लागला. म्हणायचा, "या, सोबत येणारी आली." मारुतीच्या ओट्यावर माझ्या त्या सवंगड्यानं विचारलं, "आबा, पाणी तोडून बरी झाली ना मांजरी?" सगळे ऐकत होते. मी म्हणालो, "नाही. पाणी तोडून मरत होती. मी चुकलो." त्याची चेष्टा तोंडातच राहिली. त्यानं तंबाखू पुढं केली.

ती आणखी दीड वर्ष जगली. शेवटी शेवटी डोळ्यांना दिसत नव्हतं, पण वाट्या कुठं आहेत ते तिला माहीत होतं. एका सकाळी गोठ्याच्या वाटेवर, जिथपर्यंत ती माझ्यासोबत यायची तिथं, कुशीवर पडलेली सापडली. चिमूट लावून बघितली नाही. गोठ्यामागं खड्डा पोरानं खणला.

लेकीला फोन केला नाही. पिवळ्या खोपटात उभं राहून, मागं रांग लागलेली असताना, हे सांगायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं धुळ्याला गेलो. दार उघडून तिनं माझे रिकामे हात बघितले, टोपली नाही हे बघितलं. काय झालं ते विचारलं नाही.

"आधी बसा, आबा," म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली.

मी पाणी प्यायलो. मग सांगितलं.